जीवाणू आणि विषाणू यांच्यातला फरक केवळ आकाराचा आहे का?

सत्तरीची शिक्षिका

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. विज्ञान हा माझा विषय नाही, त्यामुळे प्रश्नात काही अडाणीपणा आढळल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी पंधरा दिवसांच्या अंतराने तापाची दोन आजारपणे झाली. भाताच्या लावणीनंतर माझ्या वडिलांना हुडहुडी भरून ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या एवढ्या दुखू लागल्या की त्यांना उंबरठा ओलांडवेना. तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला, डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केले आणि आठवड्याभरात ते ओसरीवर येऊन बसले. त्यांचा ताप उतरतो न उतरतो तोच माझ्या मुलाला डेंग्यू झाला. त्याला मात्र कोणतेही प्रतिजैविक दिले नाही. तापापुरते पॅरासिटामॉल, शहाळ्याचे पाणी, पेज आणि प्लेटलेटची वरचेवर मोजणी, एवढ्यावरच तो बरा झाला. माझ्या आईला हा सरळसरळ पंक्तिप्रपंच वाटला. "आजोबांना औषध आणि नातवाला नुसते पाणी, असे का? जंतू तो जंतूच ना?" असे तिने विचारले. मी ठोकून दिले की आजोबांचा जंतू मोठा होता आणि नातवाचा लहान. त्यावर ती म्हणाली, "मग औषध कमी द्यावे, मुळीच देऊ नये, हे कुठले गणित?" मला उत्तर सुचले नाही.

नंतर लक्षात आले की माझी स्वतःची समजूतही केवळ शब्दांवर उभी होती. जीवाणू आणि विषाणू हे दोन्ही शब्द 'अणू'वर संपतात, त्यामुळे ते एकाच कुळातले थोरले-धाकटे वाटतात. फरक खरोखर आकाराचाच आहे का? नसेल, तर तो कशाचा आहे? आमच्या भागात माकडतापाचेही भय असते. तो यांपैकी कोणत्या बाजूला बसतो, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

म्हापसेकर

बाई, आपण आईंना दिलेले उत्तर फारसे चुकले असे मला वाटत नाही. विषाणू इतके सूक्ष्म असतात की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. जी वस्तू एवढी लहान, तिच्यावर औषधाचा नेम बसत नाही. शिवाय विषाणू आपल्या पेशींच्या आत दडून बसतो आणि तिथे प्रतिजैविक पोचत नाही, असेही मी वाचले आहे.

सूक्ष्मदर्शी, ताळगाव

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. म्हापसेकरांच्या दोन्ही मुद्द्यांशी मला असहमती नोंदवावी लागेल. डॉक्सिसायक्लिनचा एक रेणू साधारण एका नॅनोमीटरचा असतो आणि डेंग्यूचा विषाणू सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाचा. तेव्हा औषधाच्या नजरेने पाहिल्यास विषाणू लहान तर नाहीच, चांगला अवाढव्य आहे. पेशीत दडण्याचा मुद्दाही टिकत नाही, कारण स्क्रब टायफस या तापाचा जीवाणू आपल्या पेशींच्या आतच वाढतो आणि तरीही त्यावर हेच डॉक्सिसायक्लिन उत्तम चालते.

आता आकाराविषयी. डेंग्यूचा विषाणू मिरीच्या दाण्याएवढा, म्हणजे पाच मिलिमीटरचा आहे, असे धरू. त्याच मापाने लेप्टोस्पायरा हा जीवाणू म्हणजे करंगळीएवढ्या जाडीचा आणि मीटरभर लांबीचा, घट्ट पीळ दिलेला सुंभाचा तुकडा होईल, आणि आपल्या यकृताची एक पेशी म्हणजे दोन-अडीच मीटर लांबीरुंदीची खोली होईल. एवढ्यावरून 'जीवाणू मोठे, विषाणू लहान' हे ढोबळमानाने खरे ठरते. पण ती व्याख्या मात्र होऊ शकत नाही. इतिहासात काही काळ ती व्याख्याच होती. १८९२ साली रशियातील द्मित्री इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला आणि गाळलेल्या रसानेही निरोगी रोपांना रोग होतो, असे पाहिले. १८९८ साली हॉलंडच्या मार्टिनुस बायेरिंक यांनी हाच प्रयोग पुढे नेऊन सांगितले की हा जीवाणूंहून निराळाच काही प्रकार आहे आणि तो केवळ वाढत्या, जिवंत ऊतींमध्येच बहुगुणित होतो. तेव्हापासून बरीच वर्षे 'गाळणीतून पार होतो तो विषाणू' अशी ओळख चालली.

गंमत अशी की आपल्या वडिलांना झालेल्या आजाराचा जीवाणूच या ओळखीला चकवतो. लेप्टोस्पायराची लांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास असली तरी जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर असते; त्यामुळे प्रयोगशाळेत द्रव निर्जंतुक करण्यासाठी आम्ही वापरतो त्या ०.२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून तो नागमोडी पोहत पलीकडे निघून जातो. उलट बाजूचे उदाहरणही आहे. १९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातील एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातल्या अमीबात एक कण सापडला. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, म्हणून दहा-अकरा वर्षे त्याला जीवाणूच मानले गेले. २००३ साली तो विषाणू असल्याचे जाहीर झाले आणि त्याला मिमीव्हायरस हे नाव मिळाले. म्हणजे आकाराची फूटपट्टी दोन्ही टोकांना तोकडी पडते.

खरा फरक संसाराचा आहे. जीवाणू कितीही बारीक असला तरी त्याचे स्वतःचे बिऱ्हाड असते. लेप्टोस्पायराचेच पाहा. त्याच्याभोवती पटल आणि भित्तिका आहे, आत दोन गुणसूत्रांवर मिळून सुमारे ४७ लाख अक्षरांचा डीएनए आहे, त्या मजकुरावरून प्रथिने बनवणारे स्वतःचे रायबोझोम आहेत. तो स्निग्धाम्ले खातो, प्राणवायूच्या साहाय्याने त्यांच्यातून ऊर्जा काढतो, आणि पोहण्याची त्याची कशाभिका बाहेर लोंबत नसून दोन पटलांच्या मधल्या जागेत गुंडाळलेली असते, त्यामुळे तो मळसूत्रासारखा फिरत पुढे सरकतो. उंदराच्या मूत्रपिंडात तो सुखाने राहतो, मूत्रावाटे शेतातल्या पाण्यात उतरतो, ओल्या मातीत काही आठवडे तग धरतो, आणि चिरा पडलेल्या किंवा पाण्याने भिजून मऊ झालेल्या कातडीतून माणसात शिरतो. वाळवले की मात्र मरतो.

डेंग्यूच्या विषाणूकडे यातले काहीही नाही. त्याच्याजवळ सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनएचा एकच धागा आहे, त्याभोवती प्रथिनांचे वेष्टन आहे आणि त्या वेष्टनाचा स्निग्ध भाग आधीच्या पेशीतून उचललेला आहे. रायबोझोम नाही, ऊर्जा निर्माण करण्याची सोय नाही, खाणे नाही, श्वसन नाही. तो धागा आपल्या पेशीत मोकळा झाला की आपले रायबोझोम तो स्वतःच्याच घरातला आदेश समजून वाचू लागतात. त्यातून एक लांबलचक प्रथिन तयार होते आणि त्याचे तुकडे पडून दहा प्रथिने होतात. त्यांपैकी तीन नव्या विषाणूच्या अंगात जातात; उरलेली सात पेशीतच राहून धाग्याच्या नकला काढणे आणि पेशीचा बचाव ढिला करणे ही कामे करतात.

आता आईंच्या प्रश्नाकडे येतो. डॉक्सिसायक्लिन जीवाणूच्या रायबोझोमच्या लहान भागावर जाऊन बसते आणि त्याचे प्रथिन बनवण्याचे काम अडवते. आपल्या पेशींतील रायबोझोमची घडण निराळी असल्यामुळे आपले काम फारसे अडत नाही. पेनिसिलिन जीवाणूची भित्तिका बांधू देत नाही. आपल्या पेशींना तशी भित्तिका नसतेच. प्रतिजैविकांची सारी कला अशी 'त्याच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही' अशी जागा शोधण्यात आहे. विषाणूला ना भित्तिका, ना स्वतःचा रायबोझोम. तो आपलाच रायबोझोम वापरतो, आणि तो बंद पाडायचा तर आपणच बंद पडू. तेव्हा नातवाच्या बाबतीत डॉक्टरांनी औषध हातचे राखले नव्हते. त्या औषधाने धरावे असे तिथे काही नव्हतेच.

विषाणूंवर औषधेच नाहीत, असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. नागिणीवर दिले जाणारे असायक्लोव्हिर पेशीत गेल्यावर त्या विषाणूच्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे) कामाला लागते, म्हणून निरोगी पेशींना त्याचा उपद्रव कमी होतो. पण हे विकर त्या कुळातल्या विषाणूंचे. डेंग्यूकडे ते नाही, म्हणून तिथे ते औषध निरुपयोगी. एकच प्रतिजैविक पाच-पन्नास जातींच्या जीवाणूंवर चालते, कारण बिऱ्हाडे निराळी असली तरी भांडीकुंडी बहुतेक सारखी असतात. विषाणूंच्या बाबतीत तशी सोय क्वचितच मिळते.

माकडताप विषाणूजन्य आहे आणि त्याचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला आहे. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली तो प्रथम ओळखला गेला आणि २०१५ साली आपल्या सत्तरीत आढळला. मात्र तो डासांमार्फत नव्हे, गोचिडीमार्फत पसरतो, त्यामुळे त्याचा हंगाम पावसाचा नसून पाऊस संपल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांचा, म्हणजे काजूच्या बागांत वावर वाढतो त्या दिवसांचा असतो.

आगशीचा बागायतदार

मी वांगी आणि भेंडी पिकवतो. वरील विवेचन वाचताना मला आमच्या मळ्यातली एक जुनी पारख आठवली, ती या विषयाला धरून आहे म्हणून लिहितो.

वांग्याचे हिरवेगार झाड दोन दिवसांत माना टाकते. पाने पिवळी पडत नाहीत, मुळाला पाणी असते, तरीही झाड उकडल्यासारखे लोंबते. आम्ही याला मर म्हणतो. अशा झाडाचे खोड जमिनीलगत कापून, त्याचा वीतभर तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगता धरावा. जीवाणूची मर असेल तर काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागतात. ते धागे म्हणजे खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत कोंबून भरलेले जीवाणू असतात, असे आम्हांला कृषी संशोधन केंद्रातील अधिकाऱ्यांनी सांगितले होते. त्यांच्या गर्दीने आणि चिकट स्रावाने नळ्या तुंबतात आणि पाण्यात उभे असूनही झाड तहानेने मरते.

भेंडीला केवडा पडतो, तो विषाणूमुळे. पानांच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या होतात, पुढे सगळे पानच पिवळे पडते, फळे फिकी आणि आखूड येतात. पण झाड मरत नाही, नुसते कुढत राहते. तिचे खोड कापून कितीही वेळ पाण्यात धरले तरी धागा उतरत नाही. तो रोग पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, म्हणून आमचे सारे लक्ष माशीवर असते. बागेतल्या झाडांवरही हेच दोन प्रकार इतक्या उघडपणे दिसतात, याचे मला आज प्रथमच नीट कारण समजले.

सूक्ष्मदर्शी, ताळगाव

आपला पेला हा आमच्या अर्ध्या प्रयोगशाळेच्या तोडीचा आहे. त्या जीवाणूचे नाव राल्स्टोनिया. तो खोडातल्या रसावर जगतो आणि पेशींच्या बाहेर, मोकळ्या नळीत वाढतो, म्हणून ओघळून बाहेर येतो. केवड्याचा विषाणू पेशींच्या आतच घडतो. तो ओघळणार कुठून?

याच कारणाने आमच्याकडे जीवाणूची वाढ आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या घट्ट पोषक पदार्थाच्या, थाळीत करता येते. मांसरस, मीठ, थोडी साखर असे काही घालून थाळी उबेत ठेवली की दुसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एका जीवाणूची लक्षावधी संतती असते. लेप्टोस्पायरा याला थोडा अपवाद आहे. तो सावकाश वाढतो, त्याला खास पोषक द्रव लागतो, आणि कधी कधी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. म्हणून रुग्णाच्या निदानासाठी आम्ही त्याच्या वाढीवर न थांबता रक्तातील प्रतिपिंडे तपासतो. विषाणूला मात्र थाळीत पंचपक्वान्ने वाढली तरी तो वाढत नाही. त्याला जिवंत पेशीच हव्यात.

सत्तरीची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. 'पंचपक्वान्ने वाढली तरी वाढत नाही' हे वाक्य मी आईला जसेच्या तसे ऐकवले.

पण यातून दुसरा प्रश्न उभा राहतो. विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, स्वतः वाढत नाही. मग तो जिवंत आहे असे म्हणावे की निर्जीव? आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी 'सजीव आणि निर्जीव यांच्या सीमारेषेवर' असे उत्तर दिले. सीमारेषेवर म्हणजे नेमके कुठे, हे मला समजले नाही.

निवृत्त मास्तर, फोंडा

बाई, 'सीमारेषेवर' हे उत्तर मीही एकतीस वर्षे वर्गात दिले आणि दर वर्षी मला ते पळवाट वाटत आले. आता निवृत्तीनंतर जरा निराळा विचार करून पाहतो.

१९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या त्याच विषाणूचे स्फटिक तयार केले. मीठ-साखरेसारखे स्फटिक बाटलीत भरून ठेवायचे, आणि पुढे कधीतरी पाण्यात विरघळवून पानावर चोळले की रोप आजारी पडते. जगाला याचा धक्का बसला, कारण स्फटिक होणारी वस्तू सजीव कशी म्हणावी? पुढे त्यांना १९४६ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. माझे म्हणणे असे की घोटाळा आपल्या बघण्याच्या जागेत आहे. पेशीच्या बाहेर सापडतो तो कण म्हणजे विषाणू, असे आपण धरून चालतो. हे नारळाला माड म्हणण्यासारखे आहे. नारळ मळ्याच्या कोपऱ्यात महिनोन्महिने पडून असतो, काही करत नाही. माड उभा राहिल्यावरच त्याचे खरे रूप दिसते. तसाच विषाणूचा खरा संसार संसर्ग झालेल्या पेशीत चालतो. त्या अवस्थेत पाहिले तर तो खातो, ऊर्जा खर्च करतो, संतती निर्माण करतो. फक्त हे सारे तो त्या पेशीच्या अंगाने करतो.

या निमित्ताने विद्यार्थ्यांना आवडणारी एक गोष्ट सांगतो, ती आकाराच्या चर्चेतही शोभेल. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटांवर खारफुटीच्या कुजत्या पानांवर एक जीवाणू सापडला आणि २०२२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची एकच पेशी साधारण सेंटीमीटरभर लांब असते, म्हणजे पांढऱ्या बारीक दोऱ्यासारखी नुसत्या डोळ्यांना दिसते. आपल्या मांडवीच्या काठची खारफुटी पाहताना मला हल्ली त्याची आठवण येते.

सूक्ष्मदर्शी, ताळगाव

मास्तरांच्या नारळाला माझा आदरपूर्वक आक्षेप आहे. पडून असलेला नारळही मंदपणे श्वसन करत असतो. त्याच्यात खोबऱ्याची शिदोरी असते आणि कोंब त्याच शिदोरीवर फुटतो. विषाणूकणाजवळ शिदोरी मुळीच नसते. माझ्या मते तो नारळ नसून, माड कसा लावावा हे लिहिलेला कागद आहे, आणि तोही असा की वाचणाऱ्याच्या हातून त्याच्या नकला आपोआप निघत राहतात.

पुनरुत्पादनाची रीतही याला दुजोरा देते. जीवाणू दुभंगतो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी एकाचा दोन होतो, आणि या प्रवासात कोणत्याही क्षणी पाहिले तरी तिथे अखंड जीवाणूच असतो. विषाणू पेशीत शिरल्यावर आधी सुटा होतो. त्यानंतर काही काळ त्या पेशीत शोधूनही एकसुद्धा पूर्ण विषाणू सापडत नाही. नंतर सुटे भाग जुळून एकाच वेळी शेकड्यांनी नवे तयार होतात. कोणताही सजीव आपले सारे अंग मोडून, मधल्या काळात अस्तित्वातच नसल्यासारखा होऊन, पुन्हा शेकड्यांनी प्रकट होत नाही. म्हणून मी त्याला सजीव म्हणत नाही. परंतु मास्तरांच्या बाजूनेही अनेक शास्त्रज्ञ आहेत, हे मान्य केले पाहिजे.

माडाची सावली, सासष्टी

चर्चा माडापर्यंत आलीच आहे, तर मीही बोलतो. आमच्या घरी तीन पिढ्या सुरेचे व्हिनेगर होते. रेंदेर सकाळी माडावरून सूर उतरवतो तेव्हा ती गोड असते. दुपारपर्यंत ती फसफसू लागते, आणि तोंडाला कापड बांधून भांडे काही आठवडे ठेवले की तिचे व्हिनेगर होते. यात पहिले काम यीस्टचे असते, आणि यीस्ट ही एक प्रकारची बुरशी आहे. ती ना जीवाणू, ना विषाणू. साखरेचे मद्य करण्यात झायमोमोनास नावाचा जीवाणूही तिला हातभार लावतो. त्यानंतर मद्याचे आम्ल करणारे जीवाणू येतात. त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून भांड्याचे तोंड घट्ट झाकणाने बंद न करता कापडाने बांधायचे असते. आजीला यातले एकही नाव ठाऊक नव्हते, कापडाचा नियम मात्र ती कधी मोडू देत नसे.

मला विचारायचे आहे ते असे. जीवाणू जिथे जगतो तिथे आंबटपणा, वास, फेस, काहीतरी खूण सोडतो. विषाणू जर काही खातच नसेल, तर दुधात किंवा सुरेत त्याची काहीच खूण दिसू नये. हे बरोबर आहे का?

सूक्ष्मदर्शी, ताळगाव

तत्त्वतः अगदी बरोबर आहे. दुधाच्या पेल्यात कोट्यवधी विषाणू असले तरी ते दूध नासवणार नाहीत. एका प्रसंगी मात्र त्यांची खूण दिसते, आणि ती उलट्या अंगाने दिसते: दही लागत नाही.

जीवाणूंनाही विषाणू होतात. त्यांना जीवाणूभक्षक म्हणतात, जरी ते भक्षण करत नसले तरी. १९१५ साली इंग्लंडचे फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स देरेल यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. त्याआधी १८९६ साली अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे नोंदवले होते. त्याचा संबंध पुढे अनेकांनी या जीवाणूभक्षकांशी जोडला. मोठ्या दुग्धशाळांत विरजणाच्या जीवाणूंना असा विषाणू लागला तर टाकीभर दूध आंबटच होत नाही, दूध दूधच राहते. म्हणून तिथे विरजणाचे निरनिराळे वाण आलटून पालटून वापरतात. घरचे दही लागले नाही तर लगेच या विषाणूवर आळ घेऊ नये; बहुतेक वेळा दूध फार गरम असताना विरजण लावलेले असते.

सत्तरीची शिक्षिका

मी आईला शेवटी असे सांगितले की आजोबांच्या अंगात आलेला पाहुणा आपली चूल बरोबर घेऊन आला होता, म्हणून ती चूल विझवता आली. नातवाच्या अंगात आलेल्याने आपल्याच चुलीवर आपले भांडे चढवले, तिथे पाणी ओतले असते तर घरचाच स्वयंपाक बंद पडला असता. हे तिला पटले. मात्र लगेच तिने पुढचा प्रश्न केला. वडिलांच्या गोळ्यांचे एक पाकीट कपाटात शिल्लक आहे. घरात पुन्हा कोणाला ताप आला तर त्यातली एक गोळी दिल्याने निदान अपाय तरी होणार नाही ना?

सूक्ष्मदर्शी, ताळगाव

पाकीट शिल्लक कसे राहिले, हे आधी पाहा. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस वडिलांनी गोळ्या घेतल्या असतील आणि दुकानदाराने जास्तीचे पाकीट दिले असेल, तर ठीक; बरे वाटले म्हणून त्यांनी मध्येच सोडल्या असतील, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

ती गोळी पुढच्या तापाला देऊ नये. लेप्टो आणि डेंग्यू पहिल्या तीन-चार दिवसांत एकमेकांसारखेच दिसतात. डेंग्यूच्या विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन रक्तात नेमके त्याच दिवसांत सापडते, आणि गोळीच्या भरवशावर घरी बसल्याने तपासणीची वेळ निघून जाते. शिवाय ताप डेंग्यूचा असेल तर गोळीचा विषाणूला काही त्रास होत नाही, पण आतड्यातल्या निरुपद्रवी जीवाणूंना होतो. त्यांतले जे तग धरतात ते औषधाला दाद न देण्याचा गुण केवळ आपल्या संततीलाच देत नाहीत, तर शेजारच्या निराळ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात. दोन जीवाणू एकमेकांना चिकटून जनुकांची देवघेव करतात, हे जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ सालीच दाखवले आहे. उद्या एखादा खरोखर घातक जीवाणू त्या शेजारात आला, तर त्याला ही विद्या तयार मिळते.

आईंना आणखी एक सांगावे. वडील पुढच्या वर्षी पुन्हा लावणीला उतरणार असतील, तर पायांवरच्या चिरा झाकून आणि शक्य तिथे गमबूट घालून उतरावे. चिखलात सतत काम करणाऱ्यांना डॉक्टर काही वेळा हेच डॉक्सिसायक्लिन प्रतिबंधक म्हणून ठरावीक अंतराने देतात. त्यांना ते योग्य आहे की नाही, हे पाऊस सुरू होण्यापूर्वी आरोग्य केंद्रात विचारून ठेवावे.